पाच वर्षं टिकेल, असं मी म्हणालो होतो

हरी,

तुझ्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर मांडवात जो तो एकच बोलत होता. माणूस सोन्यासारखा, पण डोळ्यांनी दगा दिला. एकाने तर हात धुता धुता मला ऐकवलं, "दिसत न्हवतं तर येळंवर सुकाणू सोडायला पायजे व्हतं." मी मान हलवली. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि मी मान हलवली! हरी, तुझे डोळे ठणठणीत होते. मला हे गेल्या नारळी पौर्णिमेपासून ठाऊक आहे. त्यानंतर तू चार महिने जिवंत होतास आणि मी तुला ते सांगितलं नाही.

तू लाँच चालवायचास आणि मी लाँचींची छतं नि पडदे शिवायचो. खाडीच्या ह्या बाजूची माणसं त्या बाजूला न्यायची, सुट्टीत मुंबईकरांना डॉल्फिन दाखवायचे, हा तुझा धंदा. जेटीच्या वर पत्र्याची शेड, जड शिलाई मशीन आणि कॅनव्हासचे गठ्ठे, हा माझा. सुकाणूच्या पुढे कापडाचा पडदा लागतो, नाहीतर पाण्याचे फवारे थेट तोंडावर येतात, आणि समोरचं दिसावं म्हणून त्या पडद्यात काच लागते. ती खरी काच नव्हेच, जाड पारदर्शक प्लास्टिक, पण खाडीवर सगळे तिला काचच म्हणतात. इथल्या निम्म्या बोटींच्या काचा माझ्या हातच्या आहेत.

ही काच किती वर्षं टिकते ह्यावरून आपण जेवढे भांडलो तेवढे सख्खे भाऊ बांधावरून भांडत नसतील. तू म्हणायचास, काच पावसाळ्यात मरते, घडी घालून माळ्यावर टाकली की. मी म्हणायचो, काच तुझ्या राकेलने मरते. रोज सकाळी तू राकेलचा बोळा फिरवायचास, ती पाच मिनिटं चकाकायची आणि तू शेडकडे बघून मला हाका मारायचास, "सद्या, ये, तोंड बघ आपलं!" मी तिथूनच ओरडायचो की मूर्खा, राकेल प्लास्टिकचा मऊपणा खातं. गोड्या पाण्याने धू. ओल्या फडक्याने पूस, कोरड्याने नको, मिठाचे कण ओरखडे पाडतात. घडी घालू नकोस, मध्ये जुनं सुती लुगडं ठेवून गुंडाळ. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "काचेचं एवढं करत बसलो तर बायकोचं कधी करू?"

वहिनींचंही एक होतं. पौर्णिमेला इंजिनाला, सुकाणूला हळदकुंकू लावून झालं की तेला-कुंकवाचं एक बोट त्या काचेला लावायच्या. तो लाल ठिपका प्लास्टिकमध्ये मुरायचा तो कायमचा. मी कपाळाला हात लावायचो. त्या म्हणायच्या, "भावोजी, समदी वाट तीच बघते. तिला पूजा नको?" 

आता मूळ गोष्ट सांगतो. सव्वादोन वर्षं होऊन गेली त्याला. पौर्णिमा चार दिवसांवर आलेली, सगळ्यांना काचा एकदमच हव्या होत्या. ऊन झेलायचं औषध घातलेली चांगली शीट मुंबईहून यायची होती, ती आली नाही. तुझं माप कापायला घेतलं तर शिल्लक हातभरसुद्धा नव्हती. कोपऱ्यात दुसऱ्या प्लास्टिकची गुंडाळी होती. माणगावला हायवेवरच्या एका हॉटेलच्या दाराला पडदे शिवून दिले होते, त्यातलं उरलेलं. दिसायला दोन्ही सारखी. उलट नवी असताना ती हॉटेलवालीच जास्त लखलखते. फरक इतकाच की ती सावलीत राहायची वस्तू आहे. चांगली शीट जपून वापरली तर चार वर्षं जाते, फार तर पाच. ही उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वर्ष-दीड वर्षात संपते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी ती कापली, शिवली, तुझ्या हातात दिली. तू ती उन्हात धरलीस आणि एक डोळा मिटून पलीकडे पाहिलंस. "आयला सद्या, त्या जेटीवरचा मानूस खोकतोय ते बी दिसतंय. किती वर्सं?" मी म्हणालो, "पाच."

एवढी वर्षं तुला अक्कल शिकवत आलो, आता तुझ्यापुढे माल संपला म्हणायची लाज वाटली. दुसरं कारण नाही. शोधून पाहिलं, सापडत नाही. मनात म्हटलं, सण जाऊ दे, चांगली शीट आली की बदलून देऊ. ती पंधरा दिवसांत आली. ती मी दुसऱ्यांच्या बोटींना लावली, कारण तुझी तर नवीकोरी होती. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. जेटीवर चारचौघांत तू सांगायचास की काच करावी तर सद्याने. मग कोणत्या तोंडाने सांगणार? आणि तुझं राकेल माझ्या मदतीला होतंच. काच लवकर गेली तर दोष तुझ्या बोळ्याचा, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

अशी काच एका दिवसात जात नाही. आधी कडेने पिवळी पडते. छताच्या तापलेल्या पाईपला टेकते तिथे तपकिरी पट्टा येतो. मग मधोमध बारीक धुकं धरतं, आणि रोज बघणाऱ्याला ते कळतच नाही. भर दुपारी तिच्यातून बऱ्यापैकी दिसतं. फसवते ती संध्याकाळी. सूर्य खाली उतरला आणि उजेड समोरून आडवा आला की सगळी काच पांढरीफट्ट होते, पलीकडे आहे ते सगळं पुसलं जातं.

तू मला सांगितलं होतंस रे. माघात असेल, शेडच्या दारात चहा पीत होतास. म्हणालास, "सांजच्याला डोळ्यांपुढं पांढरं येतं. समदं दूधच दूध." मी मशीनवरून मान वर न करता म्हणालो, "साठी आली. डोळे दाखव." त्या क्षणी मला ती काच आठवली नाही, असं मी शपथ घेऊन सांगू शकत नाही.

मग शिमगा. होळीसाठी गावी आलेली माणसं, लाँच भरलेली, खाडीच्या तोंडाशी सूर्य टेकलेला आणि तू त्याच्याच दिशेने चाललेला. जाळं बांधायला पाण्यात रोवलेला खुंट तिथे वर्षानुवर्षं आहे. तो कुठे आहे हे तू झोपेतसुद्धा सांगितलं असतंस. पण भरतीच्या पाण्याने लाँच थोडी सरकली होती आणि तुला तो दिसला नाही. धडकेने लाँच एका अंगावर कलली. बोर्ली पंचतनच्या शाळेतल्या एक बाई बाकावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. बाकी सगळे बचावले.

जेटीवर केवढी गर्दी जमली होती. कोणी म्हणत होतं इंजिन बिघडलं असेल, कोणी म्हणत होतं खुंटाला निशाणी नव्हती. तुला निसटायला पाच वाटा होत्या. तू त्या बाईंचा हात स्वतःच्या गमछ्याने बांधलास, उभा राहिलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "माझी चूक हाय. मला दिसलं न्हाय. माझे डोळे गेले." मी गर्दीत तिसऱ्या रांगेत होतो.

माणगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच तुला नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, ह्या वयात असतेच, अजून काही करायची गरज नाही. मला सगळं ऐकू आलं. तुला एकच शब्द ऐकू आला. परतताना एस.टी.त तू तुझे हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसला होतास. म्हणालास, "मोतीबिंदू हाय म्हनाले." मी म्हणालो, "सुरुवात म्हणाले." तू म्हणालास, "तेच." त्यानंतर लोक लाँचीत बसण्याआधी विचारायला लागले की आज सुकाणूवर कोण. तू आठ दिवस ते ऐकलंस आणि नवव्या दिवशी लाँच वर ओढून ठेवलीस. पावसाळ्यात पुतण्या आला तेव्हा चावी त्याच्या हातात ठेवलीस.

पुतण्या प्रकाश कामाचा आहे, ह्यात शंका नाही. नवी मुंबईची नोकरी सोडून आला आणि नारळी पौर्णिमेला लाँच पाण्यात घालायच्या आधी छताचं सगळं कापड माझ्याकडे घेऊन आला. टेबलावर पसरलं, काच उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "काका, ह्यातून काहीच क्लिअर नाही दिसत. हरीकाका चालवायचे कसे?"

तो सहज बोलला. माझा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला. दारातून सकाळचं ऊन तिरकं येत होतं आणि त्या काचेतून मला प्रकाशचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तो ओरडत तुझ्या घरी धावला असता. तुला सुकाणू परत मिळालं असतं. मी म्हणालो, "पावसात घडी घालून ठेवली ना, म्हणून झालं. शिमग्याला एवढी नव्हती." म्हणजे तीस वर्षं तू जे म्हणत होतास आणि मी खोडत होतो, तेच मी तुझ्या पुतण्याला सांगितलं. त्याला पटलं. दोन दिवसांत मी त्याला नवी काच बसवून दिली, उत्तम शीट. तू बघायला हवी होतीस इतकी सुबक शिवण. जुनी मी टेबलाखाली सरकवली.

त्यानंतर मी तुझ्याकडे किती वेळा आलो ते तुला माहीत आहे. दर वेळी घरून ठरवून निघायचो. तू ओट्यावर बसलेला असायचास, माझी चाहूल लागली की विचारायचास, "कोन?" मी नाव सांगायचो आणि बसायचो. तुला वाटायचं, मी तुझी करमणूक करायला येतो. एकदा तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "सद्या, तुझं काम बारीक. तू डोळं जप. माझ्यासारखी अवदसा तुला नको." आणि पुढच्या रविवारी तू मला ओढून माणगावला नेलंस, त्याच डॉक्टरकडे. माझ्या डोळ्यांत औषध घालून मला बाकावर बसवलं होतं, मला काही दिसत नव्हतं, आणि तू माझ्या शेजारी बसून माझ्या पाठीवर हात फिरवत होतास. त्या वेळीही मी बोललो नाही. मी नालायक माणूस आहे, हरी. हे मी रीत म्हणून लिहीत नाही.

तुझे माझ्यावर उपकार किती, त्याची यादी तू कधी केली नाहीस. वादळात शेडचे पत्रे उडाले तेव्हा मी बायकामुलांना घेऊन शाळेत बसलो होतो आणि तू माझी मशीन वाचवायला गेलास. पाऊस थांबल्यावर आलो तर मशीन तुझ्या स्वयंपाकघरात, ताडपत्रीत गुंडाळलेली. दोन महिने ती तिथेच होती. मी वहिनींच्या फोडणीचा ठसका खात कापडं शिवत होतो आणि तू ताट वाढून घेताना म्हणायचास, "कारखान्यात जेवायला मिळनारा मालक मीच." त्याच मशीनवर मी तुझी ती काच शिवली.

तू काचेमुळे मेलास असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, तर हृदयच असेल. पण कार्तिकापासून तू जेटीकडे यायचा बंद झालास ते कशामुळे, हे मला ठाऊक होतं. पायरी उतरताना भिंत चाचपायला लागला होतास. ज्याला दिसतंय असा माणूस भिंत चाचपत चालायला लागला, कारण सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं की त्याला दिसत नाही, आणि त्यात मी होतो. त्या अवस्थेत तू गेलास. हे जड आहे. मला वाटतं मी मरेपर्यंत हलकं होणार नाही.

काल संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. टेबलाखालची ती काच बरोबर नेली. वहिनी ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. हॉटेलचा पडदा, पाच वर्षं, चांगली शीट आली ती कुठे गेली, प्रकाशला काय सांगितलं, सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर उठून गेलो असतो. मग ती काच त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. सूर्य खाडीवर उतरला होता. त्यांनी तिच्यातून पाहिलं, मग ती हाताने बाजूला सारून पाहिलं, आणि पुन्हा सुकट निवडायला घेतली.

निवडता निवडता बोलल्या. "ह्ये हितंच बसायचे. खाडीत बोट आली की म्हनायचे, ही अमक्याची, पुढं उभा हाय तो तमका, आज लाल टोपी घातली हाय त्यानं. मी म्हनायची, गप बसा. दिसत न्हाय तर उगा अंदाज कशाला करताव?" त्यांनी सुपातला कचरा वेगळा केला. "बोट जेटीला लागली की मी बघायची, भावोजी. दर येळी बरोबर असायचं. लाल टोपी असायची. मी म्हनायची, ही तुमची सवय हाय. मग त्यांनी सांगायचंच सोडून दिलं."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडं न्हाय," त्या म्हणाल्या. "ते जेटीवर बोलले व्हते. तुम्ही बी जेटीवर बोला."

आज सकाळच्या पहिल्या खेपेला मी गेलो. माणसं लाँचीत बसत होती, मनगट मोडलेल्या त्या बाईही होत्या, प्रकाश दोर सोडत होता. मी धक्क्यावर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं की हरीच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, त्याला दिसत होतं, काच खराब होती, ती मी दिली होती आणि मला ते माहीत होतं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा इंजिन चालू होतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जाऊ दे सदाशिव, गेला तो आता."  बाई आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरून खाली बघत राहिल्या.

प्रकाशने इंजिन बंद केलं. सुकाणूपुढे गेला आणि मी शिवलेल्या पडद्याची बटणं काढायला लागला, एकेक करून, न तोडता. खूप बटणं आहेत त्याला. कोणी घाई कर म्हणालं नाही. सगळा पडदा निघाला तेव्हा त्याने तो नवी काच वर येईल असा गुंडाळला, धक्क्यावर आला आणि माझ्या हातात दिला. "काका, हे राहू दे तुमच्याकडे."

लाँच समोरून उघडी गेली. आज वारा होता, पहिल्याच लाटेला प्रकाशच्या तोंडावर पाणी उडालेलं मला इथून दिसलं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि खुंटाला बगल देऊन पुढे गेला.